गाळलेली ओळ

छापखान्यात तिला सगळे चाळणबाई म्हणत. हे नाव यंत्रावरच्या माणसानं ठेवलं आणि रागानं ठेवलं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. हा छापखाना अंधांसाठी पुस्तकं काढायचा. शाईचा तिथं थेंब नव्हता. जाड कागदावर उठवलेले ब्रेलचे ठिपके, आणि ते बोटांनी वाचायचे. त्या माणसानं छापून दिलेल्या पानात एखादा ठिपका जरा चेपलेला असला, एखादा आगाऊपणे जास्तीचा उठला असला, की बाईंचं बोट तिथं अडायचं म्हणजे अडायचंच. पान परत. तो कपाळाला हात लावायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि पुन्हा यंत्राकडे वळायचा. पुढे राग गेला, नाव तेवढं राहिलं, आणि खरं सांगायचं तर बाईंना ते मनातून आवडायचं.

तपासायचं काम दोघांचं. बाई ठिपक्यांवरून बोटं फिरवत मोठ्यानं वाचायच्या, आणि समोर बसायचे मास्तर. हे शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या हातात तेच पुस्तक, पण शाईनं छापलेलं. बाईंची ओळ संपली आणि ती पुस्तकाशी जुळली की मास्तर नुसतं ‘हं’ म्हणायचे. हं म्हणजे बरोबर आहे, पुढे चला. हं आलं नाही की थांबायचं, बोट मागं न्यायचं, चूक शोधायची. जगबुडी झाली तरी ओळ गाळायची नाही, एवढा एकच कायदा होता त्या खोलीत. मग ती ओळ कंटाळवाणी असो, चावट असो, की वाचताना पोटात कालवणारी असो. एकदा एका कादंबरीत भलताच शृंगार निघाला. बाईंनी तो बाजारभाव वाचावेत तसा सपाट आवाजात वाचून काढला, मास्तरांनी ओळीओळीला हं म्हटलं, फक्त त्यांचा हं बारीक बारीक होत शेवटी ऐकू येईनासा झाला. त्या दिवशी घरी येऊन तिनं मास्तरांची जी नक्कल केली, ती ऐकून तिची धाकटी बहीण हसता हसता जमिनीवर बसली होती.

घरी ती ताई. घरात माणसं दोनच, ही ताई आणि ही धाकटी. ताईचं लग्न झालं नाही, धाकटीचा नवरा लवकर गेला, आणि दोघी पुन्हा एका छपराखाली आल्या. धाकटी चष्म्याच्या दुकानात होती. मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या, फ्रेमच्या मापाला आणायच्या, कडा गुळगुळीत करून बसवायच्या. ताई तिला चिडवायची की गावभर चष्मे वाटत फिरतेस, पण घरात एक गिऱ्हाईक तुला जमवता आलं नाही. ताईचे डोळे लहानपणीच्या तापात गेले होते. त्याबद्दल ती अशी बोलायची, जशी माणसं हरवलेल्या छत्रीबद्दल बोलतात.

बोटांचं मात्र फार जपायची. लसूण सोलायची नाही, गरम भांड्याला हात लावायची नाही, थंडी पडली की हातमोजे. डाव्या हाताचं पहिलं बोट वाचणारं, उजवं पुढची ओळ शोधून ठेवणारं. ती दोन बोटं घरातल्या मोठ्या माणसांसारखी होती, त्यांना कुणी कामं सांगायची नाहीत. धाकटी लटकंच कुरकुरायची, की राणीसाहेबांची बोटं, आमचे काय ते हात. पण लसूण तीच सोलायची.

लहानपणी गोष्ट वेगळी होती. अंधांच्या शाळेत पुस्तकं मोजकी, ताईनं ती केव्हाच फस्त केलेली. मग धाकटी वाचनालयातून साधी पुस्तकं आणायची आणि तिला वाचून दाखवायची. त्यात एक पुस्तक होतं एका गाडीवाल्याचं आणि त्याच्या म्हाताऱ्या घोडीचं. शेवटाला ती घोडी वादळात वाट चुकते आणि सकाळी फाटकापाशी मरून पडलेली सापडते. धाकटीनं ते पान आधी मनात वाचलं, आणि ताईकडे बघून तिनं बेधडक वाचलं की सकाळी फाटक वाजलं, गाडीवाल्यानं उघडून पाहिलं तर घोडी परत आली होती आणि दारातलं गवत खात होती. ताईनं टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून धाकटीला चटकच लागली. वाईट काही आलं की ती ते अलगद उचलून बाजूला ठेवायची. तिला त्यात खोटं वाटायचं नाही. आंधळ्या बहिणीच्या वाटेतला दगड उचलतो, तसं वाटायचं.

आजार पाठीतून कळला. ताई खुर्चीतून उठताना कण्हायला लागली, बसून बसून आखडली असेल म्हणून तेल झालं, शेक झाला, शेवटी तपासण्या झाल्या, आणि गाठ निघाली छातीत. खोलवर, फासळीला चिकटून, हाताला न लागणारी. शेजारपाजारच्यांनी काय म्हणावं? एवढी बोटं हुशार, आणि स्वतःच्या छातीतली गाठ कळली नाही? लोकांच्या तोंडाला काही धरबंद नसतो. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ताई म्हणाली की जाऊ दे, त्यांनाही काहीतरी बोलायला लागतं.

मोठ्या दवाखान्यात कर्करोगाच्या डॉक्टरबाई होत्या. शेजारच्या खोलीत ताईचं रक्त घेत होते, तेवढ्यात धाकटी तपासण्यांचे कागद घेऊन आत शिरली. डॉक्टरबाईंनी तिला बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. आजार छातीपुरता राहिलेला नाही, मणक्यात आणि यकृतात पोचलाय. तो मुळासकट आता जाणार नाही. आवरून धरता येईल, काही काळ, नशिबानं साथ दिली तर बराच काळ. धाकटीच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे, की ताईला सांगू नका. आणि दुसरं, की तुमच्याकडे सगळ्यात जालीम जे असेल ते तिला द्या.

डॉक्टरबाई म्हणाल्या, आज मी स्वतःहून विषय काढणार नाही, कारण तुम्हीही अजून सावरलेल्या नाही आहात. पण त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, आणि फार दिवस गप्पही बसणार नाही. धाकटीनं मान डोलावली. पुढचं पुढे बघू, असं तिनं ठरवलं. अशी किती तरी कामं माणसं पुढच्यावर ढकलतात.

ताई आत आली, काठी खुर्चीला टेकवून बसली. डॉक्टरबाई उपचार समजावू लागल्या, पण नकळत धाकटीकडे बघून. आवाज कुठल्या दिशेला चाललाय हे ताईला कळत होतं. जरा वेळ ऐकून ती शांतपणे म्हणाली, की डॉक्टर, आजारी मी आहे, इकडे बोला. डॉक्टरबाईंनी मनापासून माफी मागितली आणि खुर्ची वळवून घेतली.

वाटा दोन होत्या. एक सलाईनमधून देण्याचं औषध, दर आठवड्याला. ते लवकर लागू पडतं, आजाराला पटकन मागं रेटतं. केस जातात, थकवा येतो, आणि हातापायांची बोटं बधिर होतात. दुसरी वाट गोळ्यांची. आजार ज्या संप्रेरकांवर पोसतो, त्यांनाच त्या अडवतात. सावकाश काम करतात, पुष्कळांना चांगल्या मानवतात, आणि त्या लागू पडल्या नाहीत तर सलाईन नंतरही देता येतं.

“बधिर म्हणजे किती?” ताईनं विचारलं.

शर्टाची बटणं लावताना अडतं, डॉक्टरबाई म्हणाल्या, सुई धरता येत नाही, नाणं हातात आलं तर कुठलं ते कळत नाही. पुष्कळांचं नंतर बरंचसं सुधारतं. सगळ्यांचं नाही.

“मी बोटांनी वाचते,” ताई म्हणाली.

डॉक्टरबाईंचा लिहिता हात थांबला. मग हे घाईनं ठरवू नका, त्या म्हणाल्या. घरी जा, आठवडाभर विचार करा, मनात येईल ते सगळं विचारायला परत या. ‘सगळं’ म्हणताना त्यांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटी जमिनीकडे बघत होती.

परतीच्या बसमध्ये दोघींना खिडकीजवळची जागा मिळाली. ताई बराच वेळ आपली बोटं एकमेकांवर घासत होती. मग तिनं तोंड धाकटीच्या कानाजवळ नेलं आणि विचारलं, की तू आधी आत जाऊन बोललीस ना, मग एक सांग, त्या सलाईननं हे समूळ जाईल का. धाकटीनं मनात हिशेब केला. नाही म्हटलं तर ताई गोळ्या घेणार. गोळ्या सावकाश, आणि तोवर त्या यकृतात काय होईल कुणी सांगावं. तिला ताईची बोटं नको होती, ताई हवी होती.

“हो ताई,” ती म्हणाली. “सलाईननं समूळ जाईल. गोळ्यांनी नुसतं दबून राहील.”

ताईनं श्वास सोडला. “मग बोटं देऊन टाकू,” ती म्हणाली. “वर्षभराचा तर प्रश्न. जीव राहिला तर बोटंही येतील परत.”

एवढ्याशा वाक्याचं ओझं धाकटीला घरी जाईपर्यंत पेलेना. वाटलं, उतरताना सांगू. मग वाटलं, जेवण झाल्यावर. मग वाटलं, आता बोलून तिचा धीर कशाला खचवा.

ताईचा धीर खचण्याचं लक्षणच नव्हतं. ती तयारीला लागली. छापखान्यात सांगून आली की रजेवर जाते, बरी होऊन येते, तोवर पानं नीट काढा. औषधांच्या बाटल्यांवर ठिपक्यांच्या चिठ्ठ्या होत्या, त्या आता बोटाला लागणार नाहीत म्हणून बाटल्यांना सुतळ्या बांधल्या, कुणाला एक गाठ, कुणाला दोन, दातांनी चाचपता येतील अशा. आणि मग तिनं कपाटातून लोकरीचे हातमोजे काढले, एकावर एक दोन जोड चढवले, आणि घरात तशीच वावरू लागली. सराव करायला. मोजे घालून कुलूप उघडायचं, मोजे घालून चहा गाळायचा, मोजे घालून किल्ली शोधायची. कप फुटला. साखर समजून तिनं मीठ घातलं आणि तो चहा दोघी प्यायल्या. ताई हसून म्हणाली, “जमेल गं, माणसाला सगळं जमतं.” धाकटीनं मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडून घेतलं.

मधेच एका संध्याकाळी मास्तर आले. ताई आतल्या खोलीत पडली होती, म्हणून बाहेरच्या खोलीत धाकटीशी बोलत बसले. बोलण्यासारखं फार नव्हतंच. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, की बाई म्हणाल्या आजार समूळ जाणार आहे, डॉक्टर असं म्हणाले का. धाकटी म्हणाली, हो. मास्तर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आयुष्यभर पोरांची उत्तरं ऐकलेला माणूस. धाकटीला कळत होतं की आपण कशाची वाट बघतोय. पण मास्तर हं म्हणाले नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला, चपला घातल्या आणि गेले.

डॉक्टरबाईंकडे परत जायच्या आदल्या दिवशी धाकटी दुकानातून लवकर घरी आली. ताई खिडकीशी बसली होती, मांडीवर उघडं पुस्तक, हातात ते दोन-दोन मोजे. पानावरून ती बोट फिरवत होती, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून, जशी रोज फिरवायची तशीच. पाऊल ऐकून तिनं मान वळवली.

“काहीच लागत नाही गं,” ती म्हणाली. “नुसता सपाट कागद. डोळे गेले तेव्हा मी इतकी लहान होते की काय गेलं ते मला कळलंच नाही. अशी आंधळी मी आजवर कधीच नव्हते.” मग स्वतःच स्वतःला समजावल्यासारखं म्हणाली, “पण बरं व्हायचं म्हणजे काहीतरी द्यावं लागणारच.”

धाकटी दारातच उभी होती. खांद्यावरची पिशवीसुद्धा तिनं काढली नव्हती.

“ताई, समूळ नाही जाणार,” ती म्हणाली. “कशानंच नाही. मी खोटं बोलले.”

ताईनं मोजे काढायला सुरुवात केली. एकेक बोट ओढत, सावकाश, चारही मोजे. ते नीट जोडीनं लावून तिनं बाजूला ठेवले. म्हणाली, त्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांग, एक शब्द गाळू नकोस. आणि धाकटीनं सांगितलं. मणक्याचं सांगितलं, यकृताचं सांगितलं, आवरून धरता येईल ते सांगितलं, ताईला सांगू नका असं आपण म्हणालो तेही सांगितलं. प्रत्येक वाक्यानंतर ताई कोरड्या आवाजात हं म्हणत गेली. धाकटीला वाटलं, हिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

“घोडी मेली होती,” सगळं ऐकून झाल्यावर ताई म्हणाली.

धाकटीला आधी काही समजेना.

“ते पुस्तक आमच्याकडे छापायला आलं होतं. फाटकापाशी मरून पडली होती, मी मोठ्यानं वाचलं आणि मास्तर हं म्हणाले. मी मुद्दाम परत वाचलं, ते परत हं म्हणाले. तू एवढीशी होतीस आणि माझ्यासाठी तू ती जिवंत केलीस. मला इतकं बरं वाटलं होतं तेव्हा, की मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.” तिचा आवाज चढला. “पण ही काय गोष्ट आहे का? हे माझं मरण आहे. त्यातली ओळ गाळायचा तुला काय अधिकार?”

“मला तू हवी होतीस,” धाकटी म्हणाली. तिला रडू आवरेना.

“मी होतेच की इथं. तुझ्या शेजारी बसले होते बसमध्ये. विचारून विचारून मी तुलाच विचारलं.” ताईनं आपले दोन्ही हात पुढे धरले. “ही बोटं मी बरं होण्यासाठी द्यायला निघाले होते. तू ती फुकट घेणार होतीस.”

खरं होतं ते.

दुसऱ्या दिवशी ताईनं तिला दवाखान्यात नेलं. बरोबर ये, पण तोंड उघडायचं नाही, एवढंच म्हणाली. ‘धाकटे’ अशी हाक मारली नाही. आत ताईनं स्वतः एकेक गोष्ट विचारून घेतली. मला माहीत आहे की हे जाणार नाही, मग सलाईननं काय होईल, गोळ्यांनी काय होईल, कुठल्या वाटेनं किती आयुष्य. डॉक्टरबाईंनी कशाचीही गुळगुळीत उत्तरं दिली नाहीत. किती, ते मी सांगू शकत नाही, त्या म्हणाल्या, जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. सलाईन आजाराला लवकर मागं रेटेल. गोळ्यांना वेळ लागेल, आणि तुमच्या यकृतात जेवढं पसरलंय त्यावरून तेवढा वेळ आपल्याकडे आहे असं मला वाटतं. पण वाटतं, खात्री नाही. यात धोका आहे.

“कुणालाच ठाऊक नाही म्हणता किती मिळणार,” ताई म्हणाली, “मग जे मिळतील ते दिवस मला बोटांसकट द्या.”

डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. धाकटीपुरतं सांगायचं तर तिला ही निवड पटली नव्हती. तिनं तोंड मिटून ठेवलं, आणि त्या दिवशी तिला जमलेलं हेच एक चांगलं काम.

घरात बरेच दिवस कामापुरतं बोलणं झालं. दरवाजा लाव, दूध आलं का, मी निघते. धाकटी काचा घासताना चुकायला लागली, एकदा तर भलत्याच माणसाच्या नंबरची काच फ्रेममध्ये बसवून दिली आणि मालकाची बोलणी खाल्ली. मग एके सकाळी ताईनं जेवणाच्या डब्यातली भाजी चाखली आणि आतून ओरडली, “धाकटे, मीठ विसरलीस.” धाकटी मिठाचा डबा घेऊन धावली आणि तो तिच्या हातात द्यायचं विसरून नुसतीच उभी राहिली. ताईनं चाचपत तिचं मनगट शोधलं, डबा काढून घेतला आणि मीठ स्वतःच घातलं.

गोळ्या मानवल्या. सांधे धरायचे, अंगातून एकदम वाफा निघायच्या, जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबायची. पण ती छापखान्यात गेली. पहिल्याच दिवशी यंत्रावरच्या माणसाची पानं परत पाठवली, आणि तो म्हणे इतका खूश झाला की त्यानं सगळ्यांना चहा पाजला. मास्तर समोर बसले, पुस्तक उघडलं, आणि दोघं जिथं थांबली होती त्या ओळीपासून सुरू झाली. ऋतू आले आणि गेले. दर थोड्या महिन्यांनी तपासणी व्हायची, निघायच्या आधी धाकटीचा जीव टांगणीला लागायचा, आणि डॉक्टरबाई जे काही असेल ते ताईकडे बघून सांगायच्या.

आणि मग एका तपासणीत त्यांनी सांगितलं की गोळ्यांचा उपयोग संपला. ते ताईलाही जाणवत होतं. पोट जड झालं होतं, अन्न नको वाटायचं, धाप लागायची. आता सलाईन देता येईल, डॉक्टरबाई म्हणाल्या, नाही घेतलं तरी तुमचं दुखणं आवरायला मी आहे. घ्यायचं की नाही, ते तुम्ही सांगा. धाकटी गप्प बसली होती. तिला आता सवय झाली होती.

“बोटं जातील ना?” ताईनं विचारलं.

“बहुतेक जातील. आणि परत यायला वेळ मिळेलच असं नाही.”

ताईनं विचार करायला फार वेळ घेतला नाही. तिनं हात लांब केला, धाकटीचा हात सापडेपर्यंत खुर्चीच्या दांडीवरून सरकवला.

“हातातलं पुस्तक आम्ही गेल्या आठवड्यात संपवलं,” ती म्हणाली. “आता माझं काही वाचायचं राहिलेलं नाही. हिच्याजवळ अजून थोडं बसायचंय. त्यासाठी घेते.” मग धाकटीकडे वळून म्हणाली, “ह्या वेळी मी देतेय, ध्यानात ठेव. तू घेत नाहीयेस.”

केस गेले. बोटांच्या टोकांना आधी मुंग्या, मग आग, मग काहीच नाही. हातात चमचा आहे की नाही हे ताई धाकटीला विचारायची. सुतळ्या बांधलेल्या बाटल्या आता उपयोगी आल्या, ती दातांनी गाठ शोधायची आणि बरोबर औषध पुढे करायची, आणि त्याचा तिला जरा तोराही होता. धाप मात्र कमी झाली. पोट हलकं झालं. दोघींना एक अख्खा हिवाळा मिळाला, बोलत बसण्याचा, चिडवण्याचा, मास्तर आले की त्यांची नक्कल त्यांच्याच तोंडावर करण्याचा.

हिवाळा सरता सरता ताई अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिनं धाकटीला सांगितलं की वाचनालयातून ते घोडीचं पुस्तक आण. धाकटी गेली, पुस्तक मिळालं, पानं पिवळी पडली होती. ती ताईच्या उशाशी बसून पहिल्या पानापासून वाचू लागली. ओळ संपली की ताई डोळे मिटून हं म्हणायची. गाडीवाला झाला, बाजार झाला, वादळ झालं. शेवटचं पान आलं आणि धाकटी थांबली.

“का थांबलीस?” ताईनं विचारलं.

धाकटीनं पान डोळ्यांजवळ धरलं आणि वाचलं, की सकाळी गाडीवाल्यानं फाटक उघडलं, तेव्हा घोडी तिथं पडलेली होती आणि तिच्या पाठीवर पाचोळा साचला होता. तिचा आवाज फाटला, पण ओळ तिनं पुरी केली. मग त्यानंतरची, गाडीवाला तिच्याजवळ बसून राहतो ती. मग शेवटची.

“हं,” ताई म्हणाली. बधिर बोटांनी ती चादरीवर धाकटीचा हात शोधत होती आणि तो हातात आलाय हे तिला कळत नव्हतं, म्हणून धाकटीनं घट्ट दाबून धरला. “हं. पुढे वाच.”

“पुढे काही नाही ताई. इथंच संपतं.”

“बरं,” ताई म्हणाली. “मग उद्या दुसरं आण.”